मुक्कामाचा दाखला

मी पगार बनवते. देतात मालक, घेतात माणसं, पण मधे बसून बनवते मी. बाहेरच्यांना वाटतं, त्यात काय मोठंसं, महिना भरला की आकडा टाकायचा. बोलायला काय जातंय! माणसाच्या हातात कंपनीकडून जे जे पडतं त्याला आमच्याकडे एकेक रकाना असतो, आणि ते कुठल्या रकान्यात पडलं यावर कर किती कापायचा आणि भविष्य निर्वाह निधीत किती जायचं हे ठरतं. मूळ पगार, जादा कामाचे पैसे, बक्षीस, हा सगळा सरळसरळ पगार. त्यावर कात्री चालणारच. पण थंड खोलीत घालायचं जाड जॅकेट कंपनीने दिलं तर तो पगार नाही, ते कामाचं साधन. त्याच जॅकेटचे पैसे रोख दिले की झाला पगार. कामासाठी कुठे गेलात आणि बसचं तिकीट आणून दाखवलंत, तर ती खर्चाची भरपाई, तिला हात लावायचा नाही. तिकीट हरवलंत, तर तेच पैसे पगार. बावीस वर्षं मी हे सांगतेय आणि बावीस वर्षं लोक माझ्याशी भांडतायत. नियम जणू मीच घरी बसून काढलेत.

आमचं फळांचं शीतगृह आहे. आठ थंड खोल्या, एक यंत्रघर, एक वजनकाटा, आणि रस्त्याच्या बाजूला माझं ऑफिस. ऑफिसच्या खिडकीतून फक्त ट्रकची चाकं दिसतात. चाळीस माणसं कामाला. जेवणाच्या सुट्टीत सगळी वजनकाट्याशेजारच्या लांबलचक टेबलावर जमतात. सुरुवातीला मीही जाऊन बसायची. मी बसले की गप्पा बंद. जिने परवाच आपले तीन तास कापले तिच्यासमोर कोण मोकळं बोलणार? मग मी माझ्याच टेबलावर जेवायला लागले, फायली बाजूला सारून. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. घरीही मी एकटीच आहे. भाऊ लांब, त्याचं त्याला पुरेसं आहे. माझ्या फोनवर बँकेशिवाय कोणी फारसं येत नाही.

माझ्याशी कधीही न भांडलेला एकच माणूस त्या आवारात होता. सगळे त्यांना मशीनकाका म्हणायचे. यंत्रघरातली चार मोठी मशीनं त्यांच्या ताब्यात. पस्तिशीत बायको आणि लहान मुलगी घेऊन आले ते यंत्रघराच्या वरच्या खोलीत राहिले, ते राहिलेच. त्या खोलीची जमीन दिवसरात्र थरथरते. फळीवरचा पेला हळूहळू सरकत कडेला येतो, म्हणून काकांनी फळीला कडेने रबराची पट्टी ठोकलीय. नव्या माणसाचं तिथे दहा मिनिटांत डोकं उठतं. काका म्हणायचे, "मला आवाजाने नाही जाग येत. आवाज थांबला की येते." भिंतीला तळवा लावून आतला पारा किती ते सांगायचे आणि अर्ध्या डिग्रीनेही चुकायचे नाहीत. मुलगी त्याच लोखंडी जिन्यावर बसून अभ्यास करून मोठी झाली, लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. त्यानंतर तीन वर्षांत बायको गेली. सकाळी सहाला काका जिना उतरायचे, संध्याकाळी चढायचे. त्यांच्या आयुष्यातला लांबचा प्रवास तेवढाच.

आता ही खोली. भाडं न घेता दिलेली खोली म्हणजे खरं तर पगारच. तिची किंमत काढायची, पगारात मिळवायची, त्यावर कर कापायचा. पण एक सूट आहे. खोली कामाच्या आवारातच असेल, कंपनीच्या गरजेसाठी असेल, आणि तिथे राहिल्याशिवाय ते काम करताच येत नसेल, तर ती खोली पगार नाही. रात्री मशीन बिघडलं तर हाकेच्या अंतरावर माणूस पाहिजे, नाहीतर सकाळपर्यंत आठ खोल्या फळं सडतील. म्हणून दरवर्षी मी एक दाखला टाइप करायची. 'सदर कर्मचाऱ्याने कामाच्या गरजेपोटी आवारातच मुक्काम करणे बंधनकारक असून, परवानगीशिवाय मुक्काम सोडता येणार नाही. सदर खोली ही सवलत नसून नोकरीची अट आहे.' खाली मालकांची सही. एक प्रत कर कार्यालयात, एक फायलीत. काका तिसरी मागून न्यायचे आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून खोलीच्या दाराशी टांगायचे. माझ्या टायपिंगचं एवढं कौतुक दुसऱ्या कोणी केलं नाही, म्हणून मला तो माणूस फार आवडायचा.

हंगाम संपला की आमच्याकडे दहा दिवस काम थंडावतं. खोल्या रिकाम्या, धुणं-पुसणं, रंगकाम, आणि बहुतेक सगळे सुट्टीवर. त्याच्या आठवडाभर आधी काकांच्या लेकीचा फोन यायचा. वर्षातून हा एक फोन ठरलेला. एरवी कोणी आजारी असलं, काही निरोप असला तरच. पण हा फोन आला की काकांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. लांब टेबलावर जाऊन सगळ्यांना सांगायचे, मग मुद्दाम माझ्या ऑफिसात यायचे.

"ताई, लेकीचा फोन होता. या म्हणते दहा दिवस. पोरगं तर रडायलाच लागलं म्हणे, आजोबा पाहिजेत म्हणून."

"मग जा की!"

"जातोय कसला! तुमचा दाखला वाचून दाखवला तिला फोनवर. अट म्हणजे अट. फार हळहळली बिचारी."

लोक चेष्टा करायचे. "काका, पळून जा. मशीन काय पोलिसात जाणार आहे?" काका हसायचे, मान हलवायचे, आणि पुढचे पंधरा दिवस तेच तेच सांगत फिरायचे. लेक काय म्हणाली, नातू काय म्हणाला, जावईबापूंनीही फोन हातात घेऊन कसा आग्रह केला. आम्ही सगळे म्हणायचो, माणूस किती नशीबवान, आणि नोकरीने कसा बांधून घातलाय. मला तर त्या दाखल्याची लाजच वाटायला लागली होती.

गेल्या वर्षी कर कार्यालयातून पत्र आलं. चार वर्षांपूर्वी आपल्या शीतगृहात आपोआप इशारा देणारी यंत्रणा बसवली गेली असल्याचं दिसतं. बिघाडाची खबर थेट देखभाल करणाऱ्या कंपनीला जाते. तेव्हा सदर कर्मचाऱ्याला रात्री आवारात राहण्याची गरज काय? मागील चार वर्षांत त्यास रात्री किती वेळा बोलावणं आलं, तपशील सादर करावा. नाहीतर खोली पगारात धरावी.

मी काकांना बोलावलं. ते त्यांची वही घेऊन आले. जाडजूड वही, सुवाच्य अक्षर. मी चार वर्षांची पानं उलटली. रोज एक ओळ. तारीख, चारही मशीनांचा पारा आणि पुढे 'सर्व ठीक'. दुसऱ्या दिवशी 'सर्व ठीक'. पानंच्या पानं 'सर्व ठीक'.

"काका, चार वर्षांत एकदाही बोलावणं नाही?"

"नाही."

"एखादं तरी? आठवून बघा."

"नाही हो ताई. कोणी बोलावलं नाही." मग टेबलाची कड धरून म्हणाले, "पण दाखला राहील ना?"

"कसा राहील? गरजच नाही म्हटल्यावर अट कसली?"

"एक वेळ खोली गेली तरी चालेल. मी बाहेर बघेन कुठेतरी. दाखला तेवढा राहू द्या."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "काका, खोलीच नसली तर दाखला कशाचा देऊ? तुम्ही काळजी करू नका. मी बघते काय ते." मला वाटलं, माणूस कपातीला घाबरलाय आणि घाबरून काहीतरीच बोलतोय. बावीस वर्षं रकाने भरून डोकं असं होतं, की समोरचा रडला तरी तो पैशासाठीच रडतोय असं वाटतं.

आणि मग मी पदर खोचून कामाला लागले. मालक म्हणाले, "कटकट नको, खोली रिकामी करून घ्या." मी म्हटलं, "वा! सत्तावीस वर्षं तुमची फळं राखली त्या माणसाने आणि आता रस्त्यावर? खोली राहू द्या. ती पगारात धरू. थरथरणारी खोली, तिची किंमत कितीशी होणार? त्यावरचा कर तुम्ही भरा."

"बरं, भरतो."

"पण त्याच्या वतीने तुम्ही भरलेला कर हाही त्याचा पगारच. त्यावर पुन्हा कर."

"आणि तो मी भरला तर?"

"तोही पगार."

मालकांनी कपाळावर हात मारला. "बाई, हे थांबतं तरी कुठे?"

"थांबतं हो. चौथ्या फेरीला चिल्लर उरते."

तीन दिवस घासाघीस केली. मागच्या चार वर्षांचं थकलेलंही मालकांच्या गळ्यात मारलं. काकांच्या हातातला एक पैसा कमी होणार नव्हता, खोली निवृत्तीपर्यंत त्यांची, आणि मुक्कामाची अट कायमची रद्द. कर कार्यालयाच्या फॉर्मवर मालकांची सही झाली तेव्हा मला इतका आनंद झाला, की आयुष्यात कोणाचंतरी भलं केल्यासारखं वाटलं. सत्तावीस वर्षं बांधलेला एक म्हातारा माणूस नातवाला भेटणार होता, आणि ते माझ्या एका फॉर्ममुळे.

त्या फॉर्मवर वारसाचा पत्ता लागत होता. फायलीत लेकीचा नंबर होता. मी फोन केला. पत्ता घेतला. तेवढ्यावर ठेवायचा की नाही? पण मला राहवलं नाही.

"आणि एक गोड बातमी देते," मी म्हटलं. "ती अट निघाली. तुमचे बाबा आता मोकळे. या सुट्टीत दहा दिवस खुशाल ठेवून घ्या त्यांना!"

पलीकडे कोणीतरी खोकत होतं. भांडं पडल्याचा आवाज आला.

"हो का?" ती म्हणाली. "छान झालं." थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "छानच झालं, मॅडम."

मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी जिना चढून काकांकडे गेले, पहिल्यांदाच. जमीन पायाखाली थरथरत होती. खाट, खुर्ची, एक पेला, दाराशी तो दाखला. मी सगळं सांगितलं, कर, निधी, मालकांचं कपाळ, आणि शेवटी लेकीला केलेला फोन. वाटलं होतं, म्हातारा डोळे पुसेल, हात जोडेल.

काका खाटेवर बसले.

"तिला सांगितलंत?"

"हो तर! आता बघा, उद्या फोन येतो की नाही."

"आता नाही यायचा, ताई."

रागावून नाही बोलले. एखादं मशीन कुठे अडकलंय ते समजावतात तसं समजावून सांगितलं. लेकीचं घर दोन खोल्यांचं. एकीत सासूबाई, पाच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. दुसरीत ही तिघं. जावई वाईट नाही, पण माणसाला शेवटी पाय पसरायला जागा लागते. "मी जायचं ठरवलं तर झोपायचं कुठे? पण बापाला 'या' म्हटल्याशिवाय तिलाही चैन पडत नाही. मला येता येणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून मनापासून बोलवायची. रडायची सुद्धा. खोटं नव्हतं हो ते रडणं. मीसुद्धा मनापासून नाही म्हणायचो. दोघांचंही भागत होतं. आता बोलावलं आणि मी आलो तर? घाबरली असेल पोर."

"मग तुम्ही तिला फोन करून सांगा ना, की येत नाही म्हणून!"

"तिने न बोलावताच?" काका म्हणाले.

परवानगीची, अटीची, कपातीची सगळी भाषा मला येते. त्या खोलीत त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. मी "चुकलं माझं" म्हटलं. ते म्हणाले, "छे छे, तुम्ही भल्यासाठीच केलंत," आणि उठून भिंतीला तळवा लावला. "खाली अर्धी डिग्री वाढलीय," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

काकांनी दाखला रद्द झाल्याचं कोणाला सांगितलं नाही. हंगाम संपत आला. सुट्टीला आठवडा उरला, मग पाच दिवस, मग चार. लांब टेबलावर लोकांनी विचारायला सुरुवात केली. "काय काका, यंदा काय म्हणतेय लेक?" "येईल की फोन, कामात असेल," काका म्हणायचे. माझ्या ऑफिसच्या दारातून ते टेबल दिसतं. काका जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायचे, उलटा नाही, सुलटा. कोणाचाही फोन वाजला की त्यांचा हात हलायचा. वजनकाट्यावरचा एक आगाऊ म्हणाला, "विसरली वाटतं लेक!" सगळे हसले. काकाही हसले. पानात होतं ते तसंच टाकून उठले.

त्या रात्री मला झोप नाही. मी त्या मुलीवर मनातल्या मनात खूप चिडले, आणि मग ते खोकणं आणि पडलेलं भांडं आठवलं आणि चिडताही येईना. पाप माझंच होतं. माझ्या फॉर्ममुळे बापलेकींमधलं एवढंसं बोलणंही संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी मी ऑफिसचं दार लावून तिला फोन केला. बावीस वर्षांत मी एका रकान्यात खोटा आकडा टाकलेला नाही. त्या दिवशी एका दमात बोलले.

"मी शीतगृहातून बोलतेय. त्या दिवशी मी घाईत बोलून गेले. तुमच्या वडिलांना सुट्टीत सोडता येणार नाही. मशीनची दुरुस्ती निघालीय. यंदाही नाही, पुढच्या वर्षीही कठीणच दिसतंय. माझ्या हातात काही नाही."

ती एकदम बोलायलाच लागली. "अहो मॅडम, असं काय करता? आम्ही किती आशेने होतो! वर्षानुवर्षं माणूस एकटा तिथे पडलाय, दहा दिवससुद्धा सोडत नाही तुम्ही? तुम्हाला आईवडील आहेत की नाही?" तिचा आवाज भरून आला होता. मी सगळं ऐकून घेतलं. तिला किती हलकं वाटत होतं ते मला फोनमधून कळत होतं.

फोन ठेवून मी एक सहीचा कागद हातात घेतला आणि वजनकाट्याकडे गेले. मला बघताच गप्पा थांबल्या. मी काकांसमोर कागद धरला आणि काहीतरी विचारत उभी राहिले, काय विचारलं ते मला आज आठवत नाही. तेवढ्यात ताटाशेजारचा फोन वाजला.

काकांनी पडद्यावर पाहिलं. हात पुसला. फोन कानाला लावला.

"बोल गं. हो... हो, जेवतोय. काय? कोण म्हणालं?" त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग नजर काढून घेतली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "अगं, काय करणार! ऑफिसातल्या ताई फार कडक आहेत. नाही सोडत म्हणजे नाही सोडत. तू रडू नकोस आधी!"

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. एकाने हातातला घास खाली ठेवला. त्यांच्यातली सगळ्यात जुनी बाई, फळं निवडणारी, जी माझ्याशी एरवी वाकडं बोलत नसे, ती म्हणाली, "जाऊ द्या की हो म्हाताऱ्याला. काळीज आहे का नाही तुम्हाला?"

"दुरुस्ती आहे," मी म्हटलं. "नाही जमणार."

कोणीतरी मागून मला शिवी दिली. हळू, पण मला ऐकू येईल अशी. काका ती ऐकूनही काही बोलू शकत नव्हते. बोलले असते तर सगळं वाया गेलं असतं. मी सही न घेताच कागदाची घडी घातली आणि माझ्या ऑफिसकडे चालायला लागले. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. मागे काका नातवाला सांगत होते, "हट्ट करू नये असा. पुढच्या वर्षी येईन. नक्की येईन."